छातीतली गाठ हाडापर्यंत कशी पोचते?

गेल्या वर्षी बारावीच्या तासानंतर एका मुलीने मला विचारले, "सर, माझ्या मावशीची गाठ छातीत होती. ऑपरेशन करून ती काढली. मग चार वर्षांनी तिची कंबर का दुखायला लागली? डॉक्टर म्हणतात, हा तोच आजार आहे."

मी पदार्थविज्ञान शिकवणारा माणूस. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागलो, तेव्हा त्यात प्रवाह, दाब, किरणोत्सर्ग अशी माझ्या ओळखीची बरीच मंडळी भेटली. म्हणून ते उत्तर तुमच्यासाठी इथे मांडतो.

आधी एक घोटाळा दूर करू. असा आजार झाला की घरची माणसे म्हणतात, "आता हाडांचा कॅन्सर झाला." ते बरोबर नाही. कमरेच्या मणक्यातला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर तिथे वाढणाऱ्या पेशी हाडाच्या नसतात, स्तनाच्याच असतात. मुक्काम बदलला तरी त्यांची जात बदलत नाही. म्हणून त्यांच्यावर उपचारही स्तनाच्या कर्करोगाचेच करतात. स्तनाचा कर्करोग जेव्हा शरीरात दूरवर पसरतो, तेव्हा सुमारे ७० टक्के रुग्णांमध्ये तो हाडांत सापडतो. इतक्या अवयवांमधून हाडच का?

या प्रश्नाचा नीट विचार प्रथम स्टीफन पॅजेट या इंग्रज शस्त्रवैद्याने केला. स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी त्याने चाळल्या आणि १८८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. रोग कुठेही, कसाही पसरत असेल, तर सगळ्या अवयवांत तो सारख्या प्रमाणात दिसायला हवा. तसे दिसत नव्हते. काही अवयव वरचेवर सापडत, काही जवळजवळ सुटत. पॅजेटने शेतकऱ्याला पटेल असा दाखला दिला: बी वाऱ्यावर सगळीकडे उडते, पण मानवेल त्याच मातीत रुजते.

नंतरच्या काही शास्त्रज्ञांना हे फार काव्यमय वाटले. ते म्हणाले, यात माती वगैरे काही नाही. रक्त जिकडे वाहते तिकडे पेशी जातात, एवढेच. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे म्हणणे लगेच पटते. चिंचणीजवळ घोड नदीवर धरण आहे. नदीचा गाळ कुठे बसतो? जिथे पात्र रुंद होते आणि पाणी मंदावते तिथे. पात्राचे क्षेत्रफळ गुणिले वेग हा गुणाकार कायम राहतो, म्हणून रुंदी वाढली की वेग घटतो. लाल मगज असलेल्या हाडांत नेमके असेच आहे. तिथल्या सूक्ष्म रक्तवाहिन्या पिशव्यांसारख्या रुंद असतात, त्यांच्या भिंती विरळ असतात आणि रक्त त्यांतून संथ सरकते. मोठ्या माणसात लाल मगज राहतो तो मणके, बरगड्या, कमरेचे हाड, मांडीच्या हाडाचे वरचे टोक अशा ठिकाणी. स्तनाचा कर्करोग सापडतो तोही मुख्यतः याच हाडांत. शिवाय १९४० साली बॅटसन या शरीरशास्त्रज्ञाने दाखवून दिले, की पाठीच्या कण्याभोवतीच्या शिरांच्या जाळ्याला झडपाच नसतात. खोकला आला किंवा कुंथले, की छातीपोटातला दाब वाढून तिथले रक्त उलटही सरकते. छातीकडून मणक्याकडे जाण्याची ती जणू आडवाट आहे.

मग पॅजेट चुकला का? नाही. गाळ बसणे वेगळे आणि बी रुजणे वेगळे. गाठीतून सुटून रक्तात शिरलेल्या पेशींपैकी बहुतेक वाटेतच मरतात. ज्या कुठेतरी अडकतात त्यांतल्याही फार थोड्या वाढू शकतात. त्यांच्या वाढण्याचे कारण प्रवाहात सापडत नाही. ते सापडते पेशींच्या आपापसांतल्या निरोपांत.

निरोप म्हणजे काय ते दौंड जंक्शनवर नीट कळते. पुण्याकडून आलेल्या रुळांना दौंडला दोन फाटे फुटतात. एक सोलापूरकडे जातो, दुसरा अहिल्यानगरवरून मनमाडकडे. हिरवा दिवा लागला की हजारो टनांची मालगाडी हलते. दिवा काही तिला ढकलत नाही. गाडी चालते ती इंजिनाच्या ताकदीवर. दिव्याने फक्त बातमी दिली. पण ती बातमी चुकीच्या वेळी मिळाली तर काय होईल, याची कल्पना करा.

पेशींचे सिग्नल दिव्यांचे नसतात, रेणूंचे असतात. एक पेशी एखादे प्रथिन बाहेर सोडते. दुसऱ्या पेशीच्या पटलावर वेगवेगळ्या आकारांचे 'ग्राही' रेणू बसवलेले असतात. आलेला रेणू आपल्या ग्राहीत कुलपात किल्ली बसावी तसा बसतो. ग्राहीचा आकार किंचित बदलतो आणि त्याचे पेशीच्या आतले टोक शेजारच्या प्रथिनाला जागे करते, ते पुढच्याला, असे करत निरोप केंद्रकापर्यंत पोचतो. तिथे एखादे जनुक चालू होते किंवा बंद पडते. ज्या पेशीवर तो ग्राही नाही, तिच्या दृष्टीने निरोप आलाच नाही. रक्तात एकाच वेळी शेकडो निरोप फिरत असूनही गोंधळ होत नाही, तो यामुळे.

आता हाडाकडे या. मगजातल्या पेशी सीएक्ससीएल-१२ नावाचे एक लहान प्रथिन सतत सोडत असतात. त्याचा मूळ उपयोग रक्तपेशींच्या जननी पेशींना मगजात बोलावणे आणि तिथे धरून ठेवणे हा. २००१ साली असे आढळले, की स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींवर याच प्रथिनाचा ग्राही भरपूर असतो. म्हणजे घरच्या मुलांसाठी मारलेली हाक या परक्या पेशींनाही ऐकू येते आणि त्या तिच्या रोखाने सरकतात. हे प्रथिन फुप्फुसात आणि यकृतातही मुबलक असते. हा कर्करोग त्या अवयवांतही जातो, हे तुम्ही ऐकले असेल.

पेशी हाडात पोचली, तरी तिथे तिला खायला काय मिळते, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी हाड म्हणजे काय ते आधी पाहायला हवे. प्रयोगशाळेतल्या सांगाड्यामुळे आपल्याला हाड म्हणजे वाळके, मेलेले काहीतरी वाटते. जिवंत हाड तसे नसते. शिरूरवरून जाणारा पुणे–नगर रस्ता जसा कुठे ना कुठे उकरलेला आणि कुठे ना कुठे भरला जात असलेला दिसतो, तसे हाडाचे काम बारा महिने चालू असते. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दर वर्षी नवा होतो.

या कामावर दोन टोळ्या असतात. उकरणाऱ्या त्या अस्थिभक्षक पेशी, भरणाऱ्या त्या अस्थिजनक पेशी. अस्थिभक्षक हाडाला चिकटून बसते आणि खाली चक्क हायड्रोक्लोरिक आम्ल सोडते. त्यात हाडाचे खनिज, म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, विरघळते. मग उरलेला प्रथिनांचा सांगाडा ती विकरांनी पचवते. यातला पहिला भाग तुम्हाला घरी करून पाहता येईल. कोंबडीच्या तंगडीचे स्वच्छ केलेले हाड झाकणाच्या बरणीत व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि दर दोन दिवसांनी व्हिनेगर बदला. आठवडा-दहा दिवसांत हाड रबरासारखे वाकू लागेल. खनिज गेले, राहिले ते कोलॅजेन. मांसाहार नसलेल्या घरी अंड्याचे टरफल मागून आणून ते व्हिनेगरमध्ये विरघळताना पाहता येईल. मात्र त्यात कोलॅजेनचा सांगाडा दिसणार नाही, ही त्यातली उणीव.

उकरणारी टोळी आपल्या मनाने कामाला लागत नाही. तिला बोलावतात भरणाऱ्या टोळीच्या पेशी! त्या आपल्या पटलावर रँक-लायगंड नावाचे प्रथिन मांडतात. मगजातल्या कोवळ्या पेशींवर त्याचा रँक हा ग्राही असतो. दोघांची गाठ पडली, की कोवळ्या पेशी एकत्र मिसळून मोठी अस्थिभक्षक पेशी तयार होते. उकरणे फार होऊ नये यासाठी त्याच अस्थिजनक पेशी ऑस्टिओप्रोटेजेरिन नावाचे आणखी एक प्रथिन सोडतात. ते म्हणजे खोटे कुलूप. किल्ली त्यात अडकून पडते आणि खऱ्या कुलपापर्यंत पोचत नाही. बोलावणे आणि आवरणे यांचा तोल राहिला, की जितके हाड उकरले जाते तितकेच भरले जाते. हा सगळा उलगडा गेल्या शतकाच्या शेवटच्या काही वर्षांत झाला.

कर्करोगाची पेशी हा तोल बिघडवते. ती स्वतः हाड खात नाही, हे लक्षात ठेवा. ती पॅराथायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकासारखे दिसणारे एक प्रथिन सोडते. त्याचे नाव लांबलचक असल्याने शास्त्रज्ञ त्याला पीटीएचआरपी म्हणतात. अस्थिजनक पेशींना तो निरोप मिळाला, की त्या रँक-लायगंड वाढवतात आणि खोटी कुलपे कमी करतात. अस्थिभक्षकांची फौज उभी राहते आणि हाड उकरले जाऊ लागते.

आता खरी मेख. हाड तयार होताना त्याच्या खनिजात वाढीला लावणारी काही प्रथिने कणगीतल्या धान्यासारखी साठवून ठेवलेली असतात. टीजीएफ-बीटा हे त्यांतले महत्त्वाचे. हाड विरघळले की ते मोकळे होते, आणि कर्करोगाच्या पेशीवर त्याचाही ग्राही असतो. तो निरोप मिळताच ती आणखी पीटीएचआरपी सोडते. म्हणजे आणखी अस्थिभक्षक, आणखी उकरलेले हाड, आणखी टीजीएफ-बीटा. चक्र पूर्ण झाले. पॅजेटची माती ती हीच, आणि हे बी तिला स्वतःच नांगरून घेते!

हे चक्र तुम्ही कानांनी ऐकलेले आहे. रांजणगावला गणपतीच्या उत्सवात कुणी ध्वनिक्षेपक कर्ण्याच्या फार जवळ नेला, की कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजते. कर्ण्यातला आवाज ध्वनिक्षेपकात शिरतो, वर्धकातून मोठा होऊन पुन्हा कर्ण्यातून येतो, पुन्हा शिरतो. याला प्रत्याभरण म्हणतात. इथे एक आकडेमोड करून पाहा. एका फेरीत आवाज १.१ पट होत असेल, तर दहा फेऱ्यांनंतर तो सुमारे २.६ पट होईल. तेच एका फेरीत ०.९ पट होत असेल, तर दहा फेऱ्यांनंतर जेमतेम ०.३५ पट उरेल. १.१ आणि ०.९ यांत फरक केवढासा! शिट्टी थांबवायला कर्णा फोडावा लागत नाही. वर्धकाची कळ थोडी मागे फिरवली की पुरते.

डॉक्टर हीच कळ फिरवतात. झोलेड्रॉनिक आम्ल हे त्यांचे एक औषध बिसफॉस्फोनेट कुळातले आहे, आणि या कुळाचा इतिहास गमतीचा आहे. विहिरीच्या जड पाण्याने बंबाच्या आत पांढरा थर धरतो, तो तुम्ही खरवडला असेल. कारखान्यांच्या नळांत असा थर धरू नये म्हणून ही संयुगे वापरात होती. कॅल्शियमच्या स्फटिकाला चिकटण्याचा त्यांचा गुण हाडांच्या कामी येईल, हे फ्लाइश या स्विस शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९६० नंतरच्या दशकात ओळखले. औषध हाडाच्या खनिजाला चिकटून बसते. अस्थिभक्षक हाड खायला गेली की तिच्या पोटात जाते आणि तिचे काम थांबवते. दुसरे औषध डेनोसुमॅब. ते एक प्रतिपिंड आहे. शरीराच्या खोट्या कुलपासारखेच ते रँक-लायगंडला धरून ठेवते. अमेरिकेत २०१० साली त्याला मान्यता मिळाली.

या औषधांनी हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होते आणि दुखणे लांबते किंवा हलके होते. कर्करोग मात्र त्यांनी समूळ जात नाही, कारण त्या पेशींना जगायला दुसरे निरोपही मिळत असतात. म्हणून संप्रेरकांवरची औषधे, केमोथेरपी किंवा किरणोपचार बरोबर द्यावेच लागतात.

या संशोधनातला एक धागा आपल्या अगदी जवळचा आहे. पुणे विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. तिथे मोहन वाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-३ या प्रथिनाचा अभ्यास केला. ज्या कोवळ्या पेशींपासून अस्थिभक्षक बनते, त्याच पेशींपासून जंतू गिळणारी महाभक्षक पेशीही बनू शकते. त्यांना २००३ साली असे दिसले, की रँक-लायगंडचा निरोप आलेला असतानाही इंटरल्यूकिन-३ दिले, तर कोवळी पेशी महाभक्षकाच्या वाटेला लागते आणि मग परत फिरत नाही. दौंडला सांधा बदलला की सोलापूरची गाडी मनमाडच्या रुळावर जाते, तसेच हे. (सांधा रेल्वेचा, हाडाचा नव्हे.) बशीत वाढवलेल्या पेशींवरचा हा निष्कर्ष होता, त्याचे औषध होणे हा फार लांबचा पल्ला असतो.

बशीत पेशी वाढवण्याची विद्या आपल्याकडे रुजवली तीही एका पुणेकर स्त्रीने. कमल रणदिवे या १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या. अमेरिकेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र शिकून आल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी त्याची प्रयोगशाळा उभी केली आणि उंदरांमधल्या स्तनाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षे काम केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

हाडात रोग पोचला की नाही, हे पाहण्याची एक तपासणी तर आपल्या किरणोत्सर्गाच्या धड्यातूनच आलेली आहे. टेक्नेशियम-९९एम या मूलद्रव्याचा अर्धायुकाल ६ तासांचा. ते एका बिसफॉस्फोनेटला जोडून शिरेतून देतात. हो, तेच बंबातल्या थराचे कुळ! जिथे हाड घाईने भरले जात असते तिथे ते जास्त चिकटते. दोन-तीन तासांनी गॅमा कॅमेऱ्याखाली तो भाग काळा ठिपका होऊन उमटतो. २४ तासांत चार अर्धायुकाल संपतात आणि सोळावा हिस्साच उरतो, म्हणून रुग्णाला त्याचा त्रास होत नाही. ठिपका दिसला म्हणजे कर्करोगच असे मात्र नाही. भरत आलेले मोडलेले हाड किंवा झिजलेला गुडघाही तसाच दिसतो.

कंबरदुखीचेही तसेच आहे. कांदे लावून, ऊस तोडून कंबर धरणाऱ्या बायका आपल्या तालुक्यांत घरोघरी आहेत. त्यांतल्या बहुतेकींचे दुखणे कष्टाचेच असते. पण ज्या बाईला पूर्वी स्तनाचा कर्करोग झाला होता, तिचे दुखणे आठवडेच्या आठवडे टिकत असेल, रात्री पडल्यावरही थांबत नसेल, तर तेल चोळत बसू नये. पायांतली शक्ती गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मणका मज्जारज्जूवर दाबत असण्याची शक्यता असते. त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. तसेच कर्करोग शिवाशिवीने होत नाही. मावशीचे ताट-वाटी वेगळे ठेवणाऱ्या घरात हे तुम्हीच सांगायचे आहे.

रोग हाडांकडे निघण्याआधी गाठ सापडली तर सगळ्यात बरे. त्यासाठी फार मोठे यंत्रच हवे असे नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखांवर स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांतल्या निम्म्या स्त्रियांच्या स्तनांची तपासणी शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, नुसत्या हाताने केली. २०२१ साली निकाल प्रसिद्ध झाला. तपासणी झालेल्या गटात रोग लवकरच्या अवस्थेत सापडला. पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत मात्र तसा फरक दिसला नाही.

याच रुग्णालयाच्या पुढाकाराने देशातल्या ११ केंद्रांत आणखी एक प्रयोग झाला. दात काढताना हिरडी बधिर करतात ते लिडोकेन तुम्हाला माहीत असेल. ऑपरेशनच्या वेळी गाठीला हात लागतो, ती हलते, तेव्हा काही पेशी सुटून रक्तात जात असाव्यात, अशी शंका होती. म्हणून निम्म्या स्त्रियांना गाठ काढण्याच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीभोवती लिडोकेन टोचले. सुमारे १६०० स्त्रियांचा हा प्रयोग २०२३ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांनी लिडोकेन न दिलेल्यांपैकी ८६.४ टक्के, तर दिलेल्यांपैकी ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या. औषध जुने आणि अगदी स्वस्त!

लिडोकेन पेशीच्या पटलातली सोडियम आयनांची दारे बंद करते. मज्जातंतूतला विद्युत्-संदेश याच दारांवर चालतो. म्हणून तर हिरडी बधिर होते. कर्करोगाच्या काही पेशींवरही ही दारे असतात आणि हलण्यासाठी, आजूबाजूच्या ऊतीत घुसण्यासाठी त्या ती वापरतात, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. ऑपरेशनमध्येही नेमके हेच घडते का, याचा शोध चालू आहे. बारावीनंतर जीवशास्त्र घ्यावे की पदार्थविज्ञान, असे त्या मुलीने नंतर एकदा विचारले. या दारांचा अभ्यास करायचा असेल तर तिला दोन्ही लागतील.